घर, सातबारा, प्रकल्पग्रस्त : माहितीतील वर्गांची व्याख्या



ही व्याख्यानमाला एका ग्रंथपालाच्या स्मरणार्थ चालते. पुस्तक कुठल्या कपाटात जावे हा प्रश्न किरकोळ नाही, असे ते मानत. चुकीच्या कपाटात ठेवलेले पुस्तक वाचकापुरते हरवलेलेच असते. माझा आजचा विषय त्याच प्रश्नाचा मोठा भाऊ आहे. माहितीच्या जगात आपण वर्ग आखतो, त्यांना नावे देतो आणि माणसे, जमिनी, घरे, कागद त्यांत घालतो. त्या वर्गांची व्याख्या कशी करायची? नेमकी व्याख्या केली नाही, तर कोणाचे काय बिघडते?

एक साधा प्रश्न घेऊ. २०११ साली नवी मुंबईची लोकसंख्या किती होती? जनगणनेत नवी मुंबई महानगरपालिकेचा आकडा सुमारे ११ लाख २० हजार आहे. पण त्याच जनगणनेत ‘नवी मुंबई पनवेल रायगड’ या नावाचे वेगळे जनगणना नगर आहे आणि त्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ९५ हजार आहे. महापालिका १ जानेवारी १९९२ रोजी कामाला लागली, ती ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली हे भाग रायगड जिल्ह्यात, म्हणून तिच्या हद्दीबाहेर. १ ऑक्टोबर २०१६ पासून ते पनवेल महानगरपालिकेत आहेत. आणि ज्या योजनेने हे शहर जन्माला घातले, ती सिडको या नियोजन महामंडळाची १९७० सालची योजना या दोन्ही हद्दींहून मोठी आहे : ३४४ चौरस किलोमीटर, ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६०च्या दशकात खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्या नकाशात ठाणे-रायगडची जिल्हासीमा महत्त्वाची नव्हती.

म्हणजे ‘नवी मुंबई’ हे एकच नाव किमान तीन निरनिराळ्या वस्तूंना आहे : नियोजन क्षेत्र, महापालिका आणि जनगणना नगर. या तिघांचे प्रकारही वेगळे. नियोजन क्षेत्र हा भूभाग. महापालिका ही कायद्याने निर्माण केलेली संस्था, जिला हद्द असते. जनगणना नगर हा मोजणीसाठी मानलेला घटक. भूभागाला क्षेत्रफळ असते, संस्थेला आयुक्त असतो, मोजणीच्या घटकाला आयुक्त नसतो. लोकसंख्येचा आकडा कोणाचा, हे ठरल्याशिवाय तो खरा की खोटा हे ठरवता येत नाही. वर्तमानपत्रांत नवी मुंबईची दर माणशी पाण्याची गणिते येतात, तेव्हा पाणी एका नवी मुंबईचे आणि माणसे दुसऱ्या नवी मुंबईची, असे होऊ शकते. आकडे दोन्ही बरोबर असतात आणि भागाकार चुकतो.

माहितीचे औपचारिक सत्ताशास्त्र, ज्याला जगभर ऑन्टॉलॉजी म्हणतात, ते याच जागी कामाला येते. एखाद्या क्षेत्रात कोणकोणत्या प्रकारच्या गोष्टी आहेत आणि त्यांचे एकमेकांशी कोणते संबंध आहेत, हे यंत्राला तपासता येईल इतक्या काटेकोरपणे लिहून काढायचे. त्यासाठी ‘आउल’ नावाची भाषा आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ती २००४ साली मान्य केली आणि २००९ साली तिची दुसरी आवृत्ती आणली. तीत वर्ग लिहिले की रीझनर नावाची आज्ञावली त्यांतून काय निष्पन्न होते ते काढते आणि दोन विधाने एकमेकांच्या विरोधात असतील तर ती दाखवून देते. १९९८ पासून जीवशास्त्रज्ञांनी जीन ऑन्टॉलॉजी उभी केली, त्यामुळे उंदरावरच्या प्रयोगातील नोंद आणि यीस्टवरच्या प्रयोगातील नोंद एकाच शब्दांत बोलू लागल्या. त्या परंपरेने घालून दिलेला नियम सोपा आहे : व्याख्या नेहमी ‘अ म्हणजे असा ब, की ज्याच्यात क आहे’ या साच्यात करावी. आधी वस्तू कोणत्या जातीची ते सांगायचे, मग त्या जातीतल्या इतरांपासून तिला वेगळे करणारा धर्म सांगायचा.

हा नियम आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. सतराव्या शतकातील अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ आजही न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या हाती पहिल्यांदा पडतो. आठल्ये आणि बोडस यांनी संपादलेली त्याची आवृत्ती १८९७ साली मुंबईत निघाली. लक्षणाचे तीन दोष त्या परंपरेत शिकवले जातात. गाय म्हणजे तांबूस जनावर, असे म्हटले तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगे असलेले जनावर, असे म्हटले तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे एकखुरी जनावर, असे म्हटले तर एकही गाय आत येत नाही, हा असंभव. गळ्याखाली लोंबणारी पोळी हे लक्षण मात्र सगळ्या गायींना लागू पडते आणि ठरलेल्या वादापुरते इतरांना वगळते. भीमाचार्य झळकीकरांच्या ‘न्यायकोशा’त अशा शेकडो परिभाषा मतभेदांसह मांडल्या आहेत, वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली त्याची आवृत्ती भांडारकर संस्थेने १९२८ साली प्रसिद्ध केली. एका संज्ञेखाली कोणत्या आचार्याने काय म्हटले आणि त्याला कोणी काय आक्षेप घेतला, हे तिथे शेजारी शेजारी वाचायला मिळते. व्याख्येचा इतिहास व्याख्येसोबत ठेवण्याची ही शिस्त आजच्या माहिती-अभियंत्यांनी जरूर पाहावी, असे मला मनापासून वाटते.

हे तीन दोष घेऊन जनगणना नगराची व्याख्या तपासा. किमान ५,००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे आणि पुरुष मुख्य कामगारांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती कामात. तिन्ही अटी पुऱ्या झाल्या की गाव नगर ठरते, एक चुकली तर ठरत नाही. तर्काच्या दृष्टीने ही व्याख्या चोख आहे. आवश्यक आणि पुरेशा अटी दोन्ही तिच्यात आहेत. पण तिसऱ्या अटीतला ‘पुरुष’ हा शब्द पाहा. खाडीकाठच्या कोळीवाड्यात पहाटे टोपली घेऊन बाजार गाठणाऱ्या बाईचे काम गाव नगर आहे की नाही हे ठरवताना मोजलेच जात नाही. काटेकोरपणा आणि न्याय एकच नाहीत. पण व्याख्या काटेकोर लिहिलेली आहे म्हणून तर तिच्यातला अन्याय आपल्याला बोट ठेवून दाखवता येतो. सैल व्याख्येत तो लपून राहिला असता.

आता खुद्द ‘माहिती’कडे वळतो. महाराष्ट्राने माहितीच्या अधिकाराचा स्वतःचा कायदा केंद्राच्या आधी, २००२ साली केला होता. मग २००५ साली केंद्रीय कायदा आला. त्याच्या कलम २ मध्ये माहितीची व्याख्या आहे आणि ती यादीच्या रूपात आहे : अभिलेख, दस्तऐवज, ई-मेल, अभिप्राय, सल्ला, परिपत्रके, आदेश, करार, अहवाल, नमुने, प्रतिकृती, इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील आधारसामग्री वगैरे. या यादीतले ‘नमुने’ मला फार महत्त्वाचे वाटतात. रस्त्याच्या कामात वापरलेल्या साहित्याचा नमुना नागरिक मागू शकतो. म्हणजे कायद्याच्या लेखी मूठभर खडी हीसुद्धा माहिती आहे!

सत्ताशास्त्राच्या दृष्टीने इथे तीन जातींच्या वस्तू एकाच वर्गात आल्या. आदेश हा आशय आहे. तो कागदावर असो वा पडद्यावर, आदेश तोच राहतो. फाइल ही आशय वाहून नेणारी वस्तू आहे; ती जळू शकते. आणि खडी ना आशय आहे ना आशयाची वाहक. तिची चाचणी केली तर तिच्याविषयीची माहिती निर्माण होईल. कायदा करणाऱ्यांनी हे अजाणता केले, असे मी म्हणणार नाही. त्यांना भीती अव्याप्तीची होती. जातिधर्माने व्याख्या केली असती तर प्रत्येक कार्यालयाने ‘ही माहिती नव्हेच’ असा वाद घातला असता. म्हणून त्यांनी जाळे मोठे टाकले, आणि ते योग्यच केले.

पण यादीला कडा नसते आणि ती कडा मग न्यायालयांना आखावी लागते. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ साली, गोवा राज्य माहिती आयोगाच्या एका आदेशाविरुद्धच्या याचिकेत निर्णय दिला की ‘अमुक गोष्ट का केली’ किंवा ‘का केली नाही’ या प्रश्नाचे उत्तर माहितीच्या व्याख्येत बसत नाही. कारण तसे उत्तर मागणे म्हणजे समर्थन मागणे होय. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जे अभिलेखात अस्तित्वात आहे ते द्यायचे, नवे तयार करून द्यायचे बंधन नाही. या निर्णयांतून एक भेदक धर्म हळूहळू स्पष्ट झाला : माहिती म्हणजे जे आधीच कुठेतरी धारण केलेले आहे ते. निर्णयामागचे कारण फाइलीतल्या टिपणीत लिहिलेले असेल तर ते माहिती. अधिकाऱ्याच्या डोक्यात असेल तर नाही. अर्ज करणाऱ्या कार्यकर्त्यांना हा भेद आज पाठ आहे. ते ‘का’ विचारत नाहीत. ‘ज्या टिपणीच्या आधारे निर्णय झाला तिची प्रत द्या’ असे लिहितात.

आशय आणि त्याचा वाहक हा भेद ग्रंथालयाने फार आधी ओळखला. आंतरराष्ट्रीय ग्रंथालय महासंघाने १९९८ साली कृती, तिचे पाठरूप, तिचे प्रकाशन आणि हातातली प्रत असे चार वर्ग वेगळे केले. ज्ञानेश्वरी शके १२१२ची. एकनाथांनी शके १५०६ मध्ये प्रती ताडून शुद्ध केली ती त्याच कृतीचे दुसरे पाठरूप. राजवाड्यांनी एकनाथपूर्व मानलेल्या पोथीवरून १९०९ साली छापली ते आणखी एक. दाखल नोंदवहीत प्रती मोजल्या जातात. वाचक येतो तो कृती मागायला. अभ्यासकाला पाठरूप हवे असते. दोघांनाही ‘ज्ञानेश्वरी आहे का?’ एवढेच विचारायचे असते, आणि ग्रंथपालाने कोण काय विचारतो आहे ते ओळखायचे असते.

जमिनीच्या कागदांत मात्र हा भेद ओळखण्याची जबाबदारी आपण कोणावरच टाकलेली नाही. म्हणून सातबाऱ्यावर मी जरा थांबणार आहे.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात, अधिकार अभिलेख पत्रक, आणि गाव नमुना बारा, पिकांची नोंदवही, यांचा एकत्र उतारा. एकात कोणाचा काय हक्क, दुसऱ्यात शेतात काय उभे आहे. दोन वेगळ्या विषयांविषयीच्या, वेगवेगळ्या गतीने बदलणाऱ्या नोंदी एका कागदावर आल्या आणि लोकांच्या मनात एक वस्तू झाल्या. २०२० साली शासनाने उताऱ्याचा नमुना सुधारला, तेव्हा बिनशेती क्षेत्राच्या उताऱ्यावर गाव नमुना बाराची आवश्यकता नाही अशी सूचना छापायचे ठरले. बारा नसलेला सातबारा! आपल्या या नियोजित शहरात तर जमिनीला पीक नसणे हाच नियम. व्याख्येत ‘सात आणि बारा’ अशी अट ठेवली तर हे सगळे उतारे वर्गाबाहेर जातात. ‘सात, आणि जमीन शेतीची असेल तर बारा’ असे म्हटले की वर्ग पुन्हा सांधला जातो. ही दुरुस्ती तर्काची होती, आणि ती महसूल खात्याने केली याचा मला आनंद आहे. त्याच सुधारणेत गावाच्या नावासोबत स्थानिक शासन निर्देशिकेतला संकेतांकही आला. एकाच नावाची गावे महाराष्ट्रात कितीतरी असल्यामुळे ओळख नावावर टाकून चालत नाही.

पण मूळ प्रश्न खोल आहे. सातबारा ही कोणत्या जातीची वस्तू? बफेलो विद्यापीठातील तत्त्वज्ञ बॅरी स्मिथ यांच्या पुढाकाराने ‘बेसिक फॉर्मल ऑन्टॉलॉजी’ उभी राहिली, २०२१ साली ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. तिच्यावर आधारलेल्या माहितीच्या ऑन्टॉलॉजीत माहितीच्या आशयाची व्याख्या दोन अटींनी होते : तो कोणत्या ना कोणत्या वाहकावर अवलंबून असतो, पण एका वाहकाला बांधलेला नसतो, आणि तो कशाविषयी तरी असतो. या दोन अटी सातबाऱ्याला लावा, म्हणजे चार वस्तू सुट्या होतात. जमीन : गट क्रमांकाची, मातीची. हक्क : कायद्याने निर्माण झालेले नाते, ज्याला वजन नाही पण बळ आहे. नोंद : त्या हक्काविषयीचे विधान. उतारा : त्या नोंदीची विशिष्ट दिवशी काढलेली प्रत, पूर्वी तलाठ्याच्या हस्ताक्षरात, १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीने.

जमीन विकली जाते, उतारा विकला जात नाही. उतारा फाटतो, हक्क फाटत नाही. नोंद चुकते, जमीन चुकू शकत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हे जाणते. कलम १५७ सांगते की अधिकार अभिलेखातील नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी कायदेशीर नवी नोंद येईपर्यंत, खरी मानली जाईल. खरी मानली जाईल, म्हणजे ती खोटी असू शकते हे गृहीत धरले आहे. न्यायालयेही वारंवार सांगतात की फेरफाराने मालकी मिळत नाही. तरीही बहिणींची नावे वारसनोंदीत लागली नाहीत म्हणजे त्यांचा हक्क संपला, असे समजून कितीतरी घरांत विषय बंद होतो. वारसाहक्क कायद्याने मिळतो, नोंदीने नाही. नोंद त्याच्याविषयी बोलते, इतकेच. नोंद आणि हक्क हे दोन वर्ग एकमेकांपासून पूर्ण अलग आहेत, एकही वस्तू दोहोंत असू शकत नाही, ही औपचारिक भाषेत एका ओळीची प्रतिज्ञा आहे. ती एक ओळ घराघरांत पोहोचली असती तर किती बहिणींचे दावे वाचले असते!

‘इतर हक्क’ हा रकाना याहून कठीण. तो रिकामा असेल तर काय समजायचे? जमिनीवर बोजा नाही, की बोज्याची नोंद नाही? संगणकाच्या साध्या आधारसामग्रीत जे लिहिलेले नाही ते नाहीच असे धरतात. आउलसारख्या भाषेत जे लिहिलेले नाही ते अज्ञात असते, खोटे नसते. गावात बहुतेकांना दुसराच अर्थ खरा हे अनुभवाने ठाऊक आहे; म्हणून जमीन घेताना लोक कोरा उतारा पाहून थांबत नाहीत, चावडीवर चौकशी करतात, वर्तमानपत्रात जाहीर सूचना देतात. पण ऑनलाइन उतारा पाहून कर्ज मंजूर करणाऱ्या आज्ञावलीला हे कोणी शिकवलेले असते का? रिकामा रकाना आणि ‘शून्य बोजा तपासून नोंदवला’ हे दोन वेगळे वर्ग करावेत, असे माझे ठाम मत आहे.

आणि बोगस उतारा? गाव खरे, तालुका खरा, पण त्या गट क्रमांकाची जमीनच नाही. तो कशाविषयी आहे? कशाविषयीच नसेल, तर व्याख्येप्रमाणे तो माहितीच नव्हे; मग खोटी माहिती हा वर्गच रिकामा राहील. हा असंभव दोष नव्या रूपात आला. स्मिथ आणि वेर्नर सॉइस्टर्स यांनी २०१५च्या निबंधात या अडचणीचा विचार केला आहे. त्यांच्या दिशेने गेले तर उत्तर असे निघते : समग्र उतारा कोणत्याही एका वस्तूविषयी नसला, तरी त्याचे भाग आहेत, गावाचे नाव त्या गावाविषयी आहे, खातेदाराचे नाव त्या माणसाविषयी आहे. खोट्या कागदाला बळ त्याच्या खऱ्या भागांतूनच मिळते. फसवणूक तपासणाऱ्यांनाही हे पटेल. पूर्ण खोट्या कागदाने कोणी फसत नाही.

जमिनीच्या नोंदींसाठी २०१२ पासून एक आंतरराष्ट्रीय प्रतिमान आहे, आयएसओ १९१५२. त्यात पक्ष, हक्क-निर्बंध-जबाबदाऱ्या, प्रशासकीय एकक आणि भूमीचा तुकडा हे वर्ग सुटे ठेवले आहेत. आपला सातबारा त्यावर बसवता येतो. भोगवटादार हा पक्ष, इतर हक्क दुसऱ्या वर्गात, गट क्रमांक तिसऱ्यात. २०२१ पासून जमिनीच्या तुकड्याला चौदा अंकी भू-आधार क्रमांक देण्याचे काम देशात सुरू झाले, ते चौथ्या वर्गासाठी. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः पिकाची नोंद करतो. म्हणजे नमुना बारामधील विधानाचा कर्ता बदलला. पूर्वी तलाठी म्हणत होता, आता शेतकरी म्हणतो. विधान तेच, म्हणणारा वेगळा. तो कोण होता हे नोंदीच्या व्याख्येत राहिले पाहिजे.

आता ज्या वर्गासाठी या भूमीवर रक्त सांडले, त्या ‘प्रकल्पग्रस्त’ वर्गाकडे येतो. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात उरण तालुक्यात जासई-नवघर परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ खातेदाराला परत देण्याचे तत्त्व पुढे आले आणि १९९०च्या दशकात त्याची अंमलबजावणी झाली. साडेबारा टक्क्यांचा हिशोब जमिनीवर आहे, म्हणून लाभार्थी कोण याची व्याख्या सातबाऱ्यावर टेकली. ज्याचे नाव सातबाऱ्यावर तो आत. जो मिठागरात राबत होता, खाडीत जाळे टाकत होता, नाव न लागलेले कूळ म्हणून नांगर धरत होता, त्याची उपजीविकाही त्याच संपादनात गेली. पण तो या व्याख्येच्या बाहेर राहिला. अव्याप्ती हा शब्द तर्काच्या वर्गात निरुपद्रवी वाटतो. इथे तिचा अर्थ, त्या माणसाला स्वतःसाठी वेगळी मागणी घेऊन दारोदार उभे राहावे लागले, असा होतो.

आणि वारस? निकोला ग्वारिनो आणि ख्रिस्तोफर वेल्टी यांनी २०००च्या सुमारास वर्ग तपासण्याची ‘ऑन्टोक्लीन’ पद्धत मांडली. एखादा धर्म वस्तू अस्तित्वात असेतो तिला सोडत नाही की गळून पडू शकतो, हे ती आधी विचारते. माणूसपण सुटत नाही. खातेदारपण सुटते, ती भूमिका आहे. प्रकल्पग्रस्तता ही भूमिका एका घडून गेलेल्या घटनेने, संपादनाने, मिळते. घटना पुसता येत नाही म्हणून ती भूमिका त्या माणसाला आयुष्यभर चिकटते. पण ती मुलाकडे ‘जात’ नाही. मुलगा प्रकल्पग्रस्ताचा वारस आहे. तो त्या हक्काच्या हिश्श्याचा धनी होतो. आज्ञावली लिहिणाऱ्याने सोयीसाठी ‘वारस हा प्रकल्पग्रस्ताचा पोटवर्ग’ असे लिहिले, तर पोटवर्गाला वरच्या वर्गाचे सगळे लागू होते या नियमाने तीन वारसांना प्रत्येकी पूर्ण पात्रता मिळेल. दुसऱ्या कोणी घाबरून वारसांना वर्गातूनच काढले, तर एकालाही मिळणार नाही. बरोबर संबंध ‘च्या हक्कात हिस्सा आहे’ हा आहे, ‘प्रकार आहे’ हा नाही. या एका ओळीच्या फरकावर भूखंड उभे आणि आडवे होतात.

यापेक्षाही अवघड वर्ग आपण रोज तोंडाने म्हणतो : गरजेपोटी बांधलेली घरे. गावठाण वाढले नाही, कुटुंबे वाढली, म्हणून गावकऱ्यांनी शेजारच्या संपादित जमिनीवर घरे बांधली. नाव सांगते की या वर्गाचा भेदक धर्म गरज आहे. शासनाचे नियम मात्र अंतरावर चालले : गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली घरे, आणि २०२२च्या निर्णयात २५० मीटरपर्यंतची. गरज मोजता येत नाही, अंतर मोजता येते. म्हणून प्रशासनाने अंतर घेतले. मला त्यात दोष दिसत नाही, एका अटीवर : अंतर हा निकष आहे आणि गरज ही व्याख्या आहे, हे कागदावर लिहिलेले असले पाहिजे.

कारण मर्यादा २०० वरून २५० झाली तेव्हा नेमके काय बदलले? अंतर हीच व्याख्या असेल, तर २२५ मीटरवरचे घर निर्णयाच्या आदल्या दिवशी गरजेपोटीचे नव्हते आणि दुसऱ्या दिवशी झाले. त्या कुटुंबावर शासनाने मेहेरबानी केली. गरज ही व्याख्या असेल, तर ते घर पहिल्यापासून गरजेपोटीचेच होते. निकष तोकडा होता आणि तो उशिरा दुरुस्त झाला. पहिल्या वाचनात मधल्या काळातल्या नोटिसा योग्य ठरतात, दुसऱ्यात त्या चुकीच्या ठरतात. मेहेरबानी आणि दुरुस्ती यांत न्यायाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दुसऱ्या बाजूनेही पाहा : २०० मीटरच्या आत कोणी गुंतवणुकीसाठी चार मजले चढवून खोल्या भाड्याने दिल्या, तर निकष त्याला आत घेतो आणि व्याख्या बाहेर ठेवते. ती अतिव्याप्ती आहे, आणि तिचा फटका अखेर खऱ्या गरजवंतालाच बसतो, कारण त्याच्याकडेही संशयाने पाहिले जाते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. या शहराच्या कारभारात वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक वर्गाची व्याख्या मराठीत, जातिधर्म आणि भेदक धर्म सांगून, प्रसिद्ध करावी. निकष त्याखाली वेगळा लिहावा. वर्गात निःसंशय बसणारी आणि निःसंशय न बसणारी उदाहरणे द्यावीत. आणि वादातली प्रकरणे लपवू नयेत. यंत्राची भाषा नंतर. व्याख्या ठरवताना आज्ञावली लिहिणाऱ्यासोबत तलाठी, वकील आणि करावे-दिवाळे गावांतला वयस्क कोळी असे सगळे एकत्र बसावेत. आणि व्याख्या बदलली की जुनी पुसू नये. जीवशास्त्राच्या ऑन्टॉलॉजीत बाद झालेल्या वर्गाचा क्रमांक कायम ठेवून त्याच्यापुढे ‘बाद’ आणि त्याच्या जागी कोणता आला ते लिहितात. आपल्या तलाठ्यांनी हे पिढ्यान्‌पिढ्या केले आहे : जुन्या खातेदाराच्या नावाला कंस आणि शेजारी फेरफार क्रमांक. नव्या नमुन्यात कंसाऐवजी नावावर आडवी रेघ येते, पण नाव वाचता येतेच.

सुरुवात ‘घर’ या वर्गापासून करावी. जनगणनेला घर म्हणजे स्वतंत्र मुख्य प्रवेशद्वार असलेली इमारत किंवा तिचा भाग. आणि कुटुंब म्हणजे एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसे. महापालिकेला घर म्हणजे मालमत्ता कराचा क्रमांक. नियोजनकाराला घर म्हणजे नकाशावरचे बांधकाम. गावठाणातल्या एका घराला एक दार, आत दोन भावांच्या दोन चुली, वर एक वाढवलेला मजला, कराचा क्रमांक थोरल्याच्या नावे. जनगणनेत ते एक घर आणि दोन कुटुंबे. कर खात्यात एक मालमत्ता. सर्वेक्षणात एक बांधकाम. उद्या नियमित करण्याची यादी निघेल तेव्हा तिच्यात या घरासाठी किती ओळी असतील, आणि धाकट्याच्या चुलीची ओळ कोणत्या वर्गात लिहिली जाईल, हे यादी निघण्याआधी ठरले पाहिजे.